अक्षरं वाटेत कुठं गळतात

रिमोटवर कोपऱ्यात एक बटण असतं. बहुतेक घरांत ते नवंकोरं राहतं. आवाजाच्या बटणावरची खूण बोटांनी पुसून गेलेली असते, चॅनेल बदलायचं बटण आत दबलेलं असतं, आणि हे एक मात्र दुकानातून आलं तेव्हा होतं तसंच. कुणाच्या घरी गेले की माझी नजर आधी रिमोटवर जाते. त्या बटणाची खूण पुसट झालेली दिसली, की या घरात कुणीतरी माझं लिहिलेलं वाचतं, हे मला न विचारता कळतं. विचारायला मला आवडतही नाही.

मी खोपोलीत एका केबलच्या ऑफिसात काम करते. आमचा स्वतःचा छोटा गावचा चॅनेल आहे. त्यावर सभा, शाळेची स्नेहसंमेलनं, भाजीचे भाव, लाइट कधी जाणार, असं सगळं लागतं. त्यात माणसं जे बोलतात त्याची अक्षरं करून पाठवणं हे माझं काम. ही अक्षरं चित्रावर छापलेली नसतात. ती चित्राबरोबर लपून जातात आणि ज्यानं ते कोपऱ्यातलं बटण दाबलं त्यालाच दिसतात.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कशेळ्याच्या पुढं आमची वाडी आहे, तिथं शाळाच तेवढी होती. लग्न होऊन खोपोलीला आले आणि पोरं मोठी झाल्यावर या ऑफिसात झाडलोटीला लागले. तेव्हा चित्राच्या खालून सरकणारी पट्टी एक माणूस टाइप करायचा. तो पनवेलला दुसऱ्या नोकरीला गेला. शेठ म्हणाले, “ताई, तुम्ही केर काढता काढता पडद्यावरचं वाचता ते मी बघितलंय. वाचता येतं तर लिहिताही येईल.” मी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणायला बोलावं लागतं. मला माणसांत बोलायची लाज वाटते. बोलायची वेळ आलीच तर माझा हात आपोआप तोंडावर जातो. टायपिंगला आवाज लागत नाही, म्हणून ते काम मला फार बरं वाटलं.

पट्टीवर काय यायचं ते सांगते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुःखद निधन, दुकानाचं उद्घाटन, आणि आमच्याकडचा खास प्रकार म्हणजे शर्यतीच्या बैलाचा वाढदिवस. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. पण खालापुरात शर्यत मारणाऱ्या बैलाला फोटोसकट शुभेच्छा देतात, खाली पंधरावीस शुभेच्छुकांची नावं असतात आणि एक नाव गाळलं तर तो माणूस ऑफिसात येऊन उभा राहतो. एकदा एका गृहस्थांनी बैलाचा फोटो बदलून मागितला. का, तर बैल या फोटोत नाराज दिसतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना साजगावच्या एका घरातून सारखी तक्रार यायला लागली. आवाज येत नाही. लाइनमन जाऊन आला आणि हसत सांगायला लागला, की टीव्ही एवढ्या मोठ्यानं चालू होता की भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं, आणि घरातली बाई दोन्ही कानांत कापूस घालून भाकऱ्या थापत होती.

थोड्या दिवसांनी त्या घरातले हिराजीकाका स्वतः आले. उंच माणूस, डोक्यावर सगळे पांढरे केस. उभी हयात कारखान्यात लोखंड ठोकायच्या मोठ्या हॅमरवर काढलेली. त्या खात्यातले बरेच जण निवृत्त होईपर्यंत बहिरे होतात. हे कानाला मशीन लावूनही बघून चुकले होते.

“आवाज येत नाय,” काका दारातूनच म्हणाले. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानं वळून बघितलं.

शेठ म्हणाले, “काका, आवाज येतोय. तुम्हाला ऐकायला येत नाही. ते कानाच्या डॉक्टरकडं.”

काका शेठच्या ओठांकडं बघत होते. त्यांना सगळं समजलं. “डॉक्टर झाला. मशीन झालं. नुसता कालवा येतो, शब्द नाय येत. बोलनं घरात पोचवायचा धंदा तुमचा हाय. माझ्या घरात पोचत नाय. कसं पोचवायचं ते तुमी बघा.”

शेठ हसले. फिरोजभाई हसले नाहीत. फिरोजभाई म्हणजे आमचे टेक्निशियन, कर्जतचे. त्यांना कुणी अडचण सांगितली की जेवायला बोलावल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. ते उठून मशिनच्या खोलीत गेले आणि आतूनच म्हणाले, “ताई, इकडं या. या मशिनला मागं एक जागा रिकामी हाय. मला कधीपासून बघायचं होतं ती कशाला दिलीय.”

ती जागा अक्षरांची होती. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं, तोंडावर हात ठेवूनच, की अक्षरं चित्रात लपतात कशी. फिरोजभाईंनी सांगितलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं, कारण त्यांनी माझ्या वाडीच्या वाटेवरचंच उदाहरण दिलं.

“कशेळ्याची जीप बघितलीय ना तुमी? आत माणसं, टपावर सामान, आणि ड्रायव्हरच्या खिशात कुणीतरी दिलेली चिठ्ठी. तिन्ही एकाच जीपमधून जातात. आत माणसं बसलीत ते चित्र. टपावर सामान ते आवाज. चिठ्ठी म्हंजे अक्षरं. चिठ्ठीला जागा किती लागते? काय पन नाय. ज्याच्या नावाची हाय तो मागून घेतो, बाकीच्यांना ठाऊक पन नसतं.”

जुन्या टीव्हीच्या काळातही काही देशांत अक्षरं अशीच पाठवत, हेही त्यांनी सांगितलं. तेव्हा चित्र म्हणजे एकाखाली एक ओळी असायच्या आणि सगळ्यांत वरच्या काही ओळी पडद्याबाहेर राहायच्या. त्या रिकाम्या ओळींत अक्षरं कोंबायची. मला एकदम आठवलं, की लहानपणी मामाच्या टीव्हीवर चित्र खाली घसरलं की वरच्या काळ्या पट्ट्यात पांढरे ठिपके नाचायचे. मामा सेटवर थाप मारायचा आणि ठिपके वर निघून जायचे. मी विचारलं, ती अक्षरं होती का? फिरोजभाई म्हणाले, “आपल्याकडं बहुतेक तपासणीच्या खुणा असतील. पन होती म्हना. कोन बघायला जातंय.” मला मात्र त्या दिवशी फार नवल वाटलं. एवढी वर्षं आपण ज्याला बिघाड समजलो, ते कुणाचं तरी काम होतं.

पहिल्या दिवशी मी लिहिलं ते पडद्यावर चौकोन चौकोन दिसलं. घरच्या बॉक्सला मराठी येत नव्हतं. मग फिरोजभाईंनी युक्ती केली. अक्षरं अक्षरं म्हणून पाठवायचीच नाहीत, प्रत्येक ओळीचा बारीक फोटो करून पाठवायचा. फोटोला भाषा लागत नाही. जोडाक्षरं जशीच्या तशी उमटली. काकांच्या घरी जाऊन फिरोजभाईंनी ते कोपऱ्यातलं बटण दाबलं. काका पुढं सरकून बसले आणि भाजीचे भाव शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, “गवार एवढी म्हाग झाली? हिनं मला सांगितलंच नाय.” त्यांच्या बायको सुगंधाकाकू कानातला कापूस काढत म्हणाल्या, “सांगितलं होतं. ऐकलंव कधी?”

त्यानंतर काका वरचेवर ऑफिसात यायचे. त्यांच्यासारखं बारकाईनं बघणारं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही. मी एकदा ‘हशा’ एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी हजर.

“निमा, काल लोक का हसलं गं?”

मी सांगितलं.

“तोंडावरचा हात काढ. तू बोलतीस पन तोंड दिसू देत नायस. मला काय कळायचं?”

मी हात काढला, पण मान खाली गेली. शेवटी कागदावर लिहून दिलं. ते वाचून त्यांनी कागद घडी केला. “हे तिथंच लिवायचं. लोक हसलं तर का हसलं ते लिव. नायतर मानसाला वाटतं, आपल्यालाच हसलं. गानं लागलं तर नुसतं ‘संगीत’ काय लिवतीस? सनई हाय का ढोल हाय, ते कळू दे.”

तेव्हापासून मी आवाज लिहायला शिकले. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. ढोल लांबून येतो तो वेगळा, खोलीत वाजतो तो वेगळा. गप्प बसलेल्या माणसाचं गप्प बसणंही कधीकधी लिहावं लागतं. आणि गंमत म्हणजे हे वाचणारे नुसते बहिरे नव्हते. बाळ झोपलेल्या घरातल्या आया आवाज बंद करून वाचायच्या. पाककृतीच्या कार्यक्रमाला एका बाईनं निरोप पाठवला, की अक्षरं जरा जास्त वेळ ठेवा, माझे हात पिठाचे असतात.

एक अडचण मात्र उलगडेना. मधूनच अक्षरं नाहीशी व्हायची. आमच्याकडून बरोबर जायची, कॉम्प्युटरवर दिसायची, आणि घरोघरी काहीच पोचायचं नाही. चित्र ठीक, आवाज ठीक. फिरोजभाईंनी तारा बदलल्या, बॉक्स बदलले. दुसऱ्या दिवशी आपोआप सगळं सुरू. ते डोकं धरून बसायचे, पण खूशही दिसायचे.

कोडं सोडवलं काकांनी. ते आले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, “ज्या दिवशी कुनाचा वाढदिवस, त्या दिवशी माझी अक्षरं मरतात. मयत असलं तरी मरतात. काल तर बैलाचा होता.”

फिरोजभाई उठून उभे राहिले. “थांबा, थांबा. काय बोललात?” मग स्वतःच कपाळावर हात मारला. पट्टी टाकायची तेव्हा चित्र एका वेगळ्या मशिनमधून जायचं. ते मशिन आलेलं चित्र उघडायचं, त्यावर पट्टी चिकटवायचं आणि पुन्हा नवं बांधून पुढं पाठवायचं. “ताई, तीच आपली जीप. कशेळ्याला उतरून वाडीच्या जीपमध्ये बसतात ना, तसं झालं. मानसं उतरून दुसरीत बसली, सामान पन चढवलं. चिठ्ठी पहिल्या ड्रायव्हरच्या खिशात राहिली.”

पट्टी नसेल तेव्हा ते मशिन बाजूला असायचं, म्हणून अक्षरं पोचायची. उपाय साधाच निघाला. आधी पट्टी चिकटवायची आणि सगळ्यांत शेवटी, गाडी सुटताना, चिठ्ठी द्यायची. पण मग नवाच घोटाळा. अक्षरं आणि पट्टी दोन्ही खालीच, एकावर एक. शेठ कासावीस झाले. “बैलाच्या शुभेच्छुकांची नावं झाकली तर ते मला झाकतील.” अक्षरं वर न्यायची ठरली, तर ती बोलणाऱ्याच्या डोक्यावर यायला लागली. काकांना विचारलं. ते म्हणाले, “डोकं झाकलं तर चालंल. तोंड नको झाकू.”

हे सगळं साजगावच्या सभेच्या आधीचं. आता सभेचं सांगते.

साजगावच्या बाजूला कारखाने आहेत. तिथं कुठं वायू सुटला तर गावाला कळावं म्हणून मोठा भोंगा बसवायचं ठरलं होतं. भोंगा वाजला की घराची दारं-खिडक्या लावून घ्यायची, ओला कपडा नाकाला धरायचा, असं लोकांना समजवायला सभा व्हायच्या. पहिल्या सभेला काका गेले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यासारखं वाटल्यावर ते उभे राहिले आणि विचारलं, भोंगा कुठं बसवणार? सभा घेणाऱ्या साहेबांनी तेच नुकतं सांगून संपवलं होतं. सगळी सभा हसली. का हसली ते काकांना कुणी सांगितलं नाही. खरा प्रश्न पुढं होता, तो न विचारताच ते घरी आले आणि त्यानंतर चहाच्या टपरीवरही जाईनात. हे मला सुगंधाकाकूंनी सांगितलं.

“दिवसभर घरात हे आनि नात,” काकू म्हणाल्या. “मी कामाला, सून कामाला. भोंगा वाजला तर पोरगी अंगनात खेळत राहील आनि हे बघत बसतील. त्यांना तेच विचारायचं होतं गं.”

दुसरी सभा जाहीर झाली. आमचा चॅनेल ती जशी होईल तशी दाखवणार होता. फिरोजभाई म्हणाले, सभागृहात केबलचं कनेक्शन आहे, तिथं एक टीव्ही काकांच्या समोर ठेवू. सभेतलं बोलणं तारेनं खोपोलीला येईल, इथं त्याला अक्षरं लागतील आणि परत साजगावला जातील. काका सभेत बसून सभा वाचतील. थोडी उशिरा पोचेल, पण पोचेल.

फक्त एक गोष्ट होती. एवढ्या भराभर बोलणाऱ्यांच्या मागं माझी बोटं पुरणार नव्हती. तोवर मी आधीच रेकॉर्ड झालेलं सावकाश लिहायची. फिरोजभाईंनी कॉम्प्युटरवर बोलू ते लिहिणारी व्यवस्था सुरू केली. सभेतला आवाज तिला थेट दिला तर ती गोंधळायची. चार माणसं एकदम बोलली की काहीही लिहायची, आणि आमच्या हाय-नायला तर हातच टेकायची. त्यावर एकच उपाय होता. एका माणसानं कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि ऐकलेलं स्पष्ट, एकसुरात पुन्हा बोलायचं. त्या एका आवाजाची मशिनला सवय करायची.

“आवाज कोणाचा?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

बॅटऱ्यांच्या खोलीत मला टेबल दिलं. दाराला वर काच होती. सुरुवातीला मी एवढं हळू बोलायची की पडद्यावर काहीच उमटायचं नाही. फिरोजभाई काचेबाहेरून म्हणायचे, “ताई, मशिनला काय लाजायचं? त्याला तोंड नाय, ते कुनाला सांगनार नाय.” सवयीसाठी मी कर्जतहून कशेळ्यापर्यंतच्या थांब्यांची नावं घ्यायची, कंडक्टर घेतो तशी. तोंडावर हात ठेवला की अक्षरं चुकायची. काकांनी सांगितलेलं मशिननंही सांगितलं. मी उजव्या हातात पेन धरायला लागले, हाताला काम असावं म्हणून.

सभेच्या दिवशी दुपारी काका पहिल्या रांगेत टीव्हीसमोर बसले. मला ते पडद्यावर दिसत होते. खाली पट्टीत एका बैलाचा वाढदिवस सरकत होता, वर माझी अक्षरं होती, आणि दोन्ही शाबूत होती. साहेब बोलायला लागले. मी बोलायला लागले. ते म्हणाले भोंगा पाण्याच्या टाकीवर बसवणार, मी म्हटलं भोंगा पाण्याच्या टाकीवर बसवणार. थोड्या वेळानं काकांची मान हलली. पोचलं होतं.

या कामाची एक मजा आहे. आपण विचार करत नाही. दुसऱ्याचं वाक्य कानातून येतं आणि तोंडातून जातं, आपण मधली वाट. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं, कारण बोलत मी होते पण बोलणं माझं नव्हतं.

साहेबांचं झालं. काकांनी हात वर केला आणि उभे राहिले. तेवढ्यात मंचावरच्या एका पाहुण्यांनी शेजारच्याकडं झुकून, समोरच्या माइकवर हात ठेवून काहीतरी म्हटलं. शेजारचा माइक उघडा होता. माझ्या कानात स्वच्छ आलं.

“हा बहिरा परत आला? याला घरी बसवा ना कुणीतरी.”

सभागृहातही ते ऐकू गेलं. पुढच्या रांगा हसल्या, मग मागच्या. काका उभे होते आणि इकडंतिकडं बघत होते. सगळे हसताहेत एवढंच त्यांना दिसत होतं.

मी थांबले. आमचं बोलणं तिथं पोचायला थोडा उशीर होतो, तेवढा वेळ माझ्याजवळ होता. ‘हशा’ म्हणून पुढं गेले असते तर मला कुणी विचारलं नसतं. काकांनी विचारलं असतं, पण ते दुसऱ्या दिवशी. काचेबाहेर शेठ उभे होते. असलं वाक्य मी जन्मात कुणाला उद्देशून म्हटलेलं नव्हतं, तेही मला नावानं हाक मारणाऱ्या माणसाला. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, “पाहुणे, हळू आवाजात. हा बहिरा परत आला. प्रश्नचिन्ह. याला घरी बसवा ना कुणीतरी. पूर्णविराम. यावर लोक हसले.”

शेठनं काचेवर टकटक केली. तोंडानं “अहो, अहो” म्हणत होते.

सभागृहात तोवर हसणं संपलं होतं. मग टीव्हीवर अक्षरं आली. ती काकांनी वाचली, आणि काकांच्या मागच्या दोन रांगांनी वाचली. मंचावरच्यांना टीव्हीची पाठ दिसत होती, त्यामुळं खाली एकदम शांतता का झाली ते त्यांना कळेना. त्या शांततेत काका हसले. सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटेच, आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात.

“बसतो की घरी,” ते म्हणाले. “रोज घरीच असतो. माझ्याबरोबर नात असती. तुमचा भोंगा वाजला तर घरी बसलेल्या बहिऱ्याला कळनार कसा, तेवढं सांगा. आमच्या खात्यातलं समदंच असं घरी बसल्यात.”

मी ते जसंच्या तसं म्हटलं. माझा आवाज कापत होता म्हणून मशिननं ‘खात्यातलं’चं ‘खाटेवरलं’ केलं. काका टीव्हीकडं बघत म्हणाले, “खाटेवरलं नाय, खात्यातलं. पन दोनी खरं हाय.” या वेळी लोक हसले तेव्हा का हसले ते लिहावं लागलं नाही.

साहेब बराच वेळ बोलले. पाहणी करू, कळवू, विचाराधीन आहे. मी सगळं पाठवलं. काकांनी शेवटपर्यंत वाचलं आणि उभेच राहिले. “हे वाचलं. ह्यात उत्तर नाय.” मागून आणखी एक म्हातारा उभा राहिला, मग दुसरा. हॅमर खात्यातलेच असणार, कारण दोघंही तसंच मोठ्यानं बोलत होते. शेवटी साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, टाकीवर भोंग्याबरोबर फिरता लाल दिवाही लावू.

संध्याकाळी शेठनं मला बोलावलं. पाहुण्यांचा फोन येऊन गेला होता.  शेठ पेपरवेट फिरवत म्हणाले, “ताई, ते बोलले होते ना नक्की?” मी मान हलवली. “मग झालं,” ते म्हणाले. पण त्यानंतर सभा दाखवायच्या असल्या की ते आधी माइक मोजायला लागले.

दिवा लागेपर्यंत अख्खा पावसाळा मध्ये गेला. तो लागणार नाही असं मी धरूनच चालले होते. भोंगा आधी लागला, दिवा मागून. भोंग्याची रंगीत तालीम ठरली त्या दिवशी मी रजा घेऊन साजगावला गेले. मला बघायचं होतं. आम्ही पाठवतो ते तारेतून जातं, दिसत नाही, पोचलं का ते रिमोटवरून ओळखावं लागतं. हे एक उघड्यावर दिसणार होतं.

काका अंगणात खुर्ची टाकून टाकीकडं तोंड करून बसले होते. नात त्यांच्या पायाशी मातीत खेळत होती. काकू दारात उभ्या होत्या. दिवा फिरायला लागला आणि त्याच क्षणी भोंगा सुरू झाला. मी कानांवर हात घेतले, काकूंनी घेतले, पोरगी रडायला लागली. काका उठले, पोरीला काखोटीला मारलं आणि आमच्याकडं वळून म्हणाले, “वाजतोय. चला आत.”

आत येऊन त्यांनी खिडकी लावली, दार लावलं, काकूंनी ओला टॉवेल आणला. दाराच्या फटीतून लाल उजेड भिंतीवरून फिरून जात होता. काका त्याच्याकडं बघत राहिले.

“कसा हाय गं आवाज?” त्यांनी मला विचारलं. “लिव बघू.”

लिहायला काही नव्हतं. पिशवी अंगणात राहिली होती. माझा हात वर यायला लागला होता, तो मी काखेत दाबून धरला. खिडकीच्या फटीतून थोडा उजेड येत होता तिथं सरकले, मान वर केली आणि त्यांच्याकडं बघून सावकाश म्हटलं, “तुमच्या हॅमरसारखा नाही. लांब, एकसारखा. वासरू चुकलं की म्हैस ओरडते तसा.”

काकांनी माझ्या तोंडाकडं शेवटपर्यंत बघितलं. मग पोरीला दुसऱ्या काखेला घेतलं.

“म्हशीला वासरू कुठनं आलं? रेडकू म्हन,” ते म्हणाले. “पन कळलं.”